तेल विकणाऱ्या देशात डॉलरची चणचण

प्रश्न : नायजेरिया इतके खनिज तेल विकत असूनही काही वर्षांपूर्वी परदेशी कंपन्यांना तिथला नफा डॉलरमध्ये बाहेर नेता येत नव्हता, असे वाचले. तिथले गुंतवणुकीचे कायदे जाचक आहेत का?

उत्तर : कायदा तसा मोकळाच आहे. 1995 च्या गुंतवणूक प्रोत्साहन आयोग कायद्यानुसार, शस्त्रास्त्रे व अमली पदार्थांसारखी मोजकी क्षेत्रे वगळता, बिगर-तेल उद्योगात परदेशी व्यक्तीला शंभर टक्के मालकी घेता येते. पैसा आणताना अधिकृत बँकेकडून भांडवल-आयातीचे प्रमाणपत्र घ्यायचे आणि लाभांश किंवा मुद्दल परत नेताना ते दाखवायचे, ही मुख्य अट. पण प्रमाणपत्र हाती असले, तरी बँकेकडे द्यायला डॉलर हवेत.

ते प्रामुख्याने तेल आणि वायूच्या निर्यातीतूनच येतात. 2014 च्या मध्यानंतर तेलाचे भाव कोसळले, तेव्हा मध्यवर्ती बँकेने नायराचा, म्हणजे तिथल्या चलनाचा, दर गरजेइतका उतरू देण्याऐवजी डॉलरचा पुरवठा आवळला. जून 2015 मध्ये 41 प्रकारच्या वस्तूंच्या आयातीसाठी अधिकृत बाजारातून डॉलर मिळणे बंद झाले. त्या यादीत तांदूळ, सिमेंट, टूथपिक, खासगी विमाने आणि चक्क भारतीय उदबत्तीही होती! हा निर्बंध ऑक्टोबर 2023 पर्यंत टिकला.

माझ्या मते खरे नुकसान केले ते दुहेरी दराने. अधिकृत दर आणि समांतर (अनधिकृत) बाजारातील दर यांत मोठी तफावत असली, की ज्याला अधिकृत दराने डॉलर मिळतात तो बसल्या जागी कमावतो, आणि ज्याच्याकडे डॉलर आहेत तो ते अधिकृत बाजारात आणतच नाही. त्यामुळे टंचाई आणखी वाढते. विमान कंपन्यांचेच पाहा : तिकिटे नायरात विकली जात, मात्र विमानांची भाडी डॉलरमध्ये फेडावी लागत. अडकलेली रक्कम फुगत गेली आणि 2022 मध्ये एमिरेट्सने नायजेरियाची उड्डाणेच थांबवली.

जून 2023 मध्ये दर बाजारावर सोडण्यात आले. तेव्हा डॉलरमागे 500 नायरांच्याही खाली असलेला अधिकृत दर फेब्रुवारी 2024 मध्ये 1,500 च्या पलीकडे गेला. निर्णय योग्य होता, पण फार उशिरा झाला. म्हणूनच ज्यांचा नफा आधीपासून नायरात अडकून पडला होता, त्यांच्या हाती त्याचे डॉलरमधील मूल्य एक तृतीयांशाहूनही कमी उरले.