इटलीच्या जुन्या कृष्णधवल फोटोंमधला रस्ता आज कॅमेऱ्यात सापडेल का?

तुमचा प्रश्न असा आहे: पन्नास-साठच्या दशकातल्या कृष्णधवल फोटोंत इटलीतला जो रस्ता दिसतो, तो आज टिपता येतो का? येत असेल तर थोड्या दिवसांच्या सहलीत कुठं जावं आणि लेन्स कुठली न्यावी?

मी नोकरीनिमित्त उत्तर इटलीतल्या तोरिनोला (ट्यूरिनला) राहतो आणि सुट्टी मिळाली की कॅमेरा गळ्यात अडकवून दक्षिणेची गाडी पकडतो. माझं उत्तर 'हो, येतो' असं आहे, पण गावांची यादी करण्याआधी घड्याळ बघायला शिका. रोमच्या एकाच गल्लीत दुपारी तीन वाजता कुत्रंही दिसत नाही आणि संध्याकाळी साडेसहाला पाय ठेवायला जागा नसते.

त्याआधी त्या जुन्या फोटोंबद्दल थोडं, कारण त्यांच्याविषयी आपल्या मनात बऱ्याच भाबड्या कल्पना असतात. रूथ ऑर्किन यांचा १९५१ सालचा फ्लोरेन्सचा फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल. शाल घेतलेली एक तरुणी फुटपाथवरून चालली आहे आणि दोन्ही बाजूंचे पुरुष तिच्याकडे टक लावून बघताहेत. ती तरुणी, निनाली क्रेग, ऑर्किनची नुकतीच ओळख झालेली मैत्रीण. एकट्यानं फिरणाऱ्या बाईची सफर अशा विषयावर दोघी मिळून फोटो काढत हिंडत होत्या. पुरुषांच्या नजरा खऱ्या, पण ऑर्किननं तिला तो कोपरा दुसऱ्यांदा चालायला लावला होता. मिलानचा मारियो दे बियासींचा १९५४चा फोटोही तसाच: पांढऱ्या कपड्यांतली बाई पाठमोरी आणि समोर पुरुषांचा घोळका. तो एका मासिकासाठी जुळवून आणलेला होता. एकोणिसाव्या शतकात तर नेपल्सचे स्टुडिओवाले हातानं मॅकरोनी खाणारी गरीब पोरं उभी करून फोटो काढत आणि पर्यटकांना विकत. थोडक्यात, 'जुनी इटली' विकायचा धंदा बराच जुना आहे.

याच्या उलट टोकाला मारियो जाकोमेल्ली. हा सेनिगाल्लियाचा छापखानेवाला, कॅमेरा फक्त सवडीचा. १९५७ साली अब्रुत्सो प्रांतातल्या स्कान्नो या डोंगरी गावात गेला आणि तिथं त्यानं एक मुलगा टिपला. खिशात हात घालून येणारा तो मुलगा तेवढा स्पष्ट आहे, भोवतीच्या काळ्या पोशाखातल्या बायका पुसट, जणू तरंगताहेत. हा फोटो पुढं न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात गेला. स्कान्नोला आजही जाता येतं, गाव सुंदर आहे, पण काळे झगे घातलेल्या बायकांच्या आशेनं जाल तर हात हलवत परत याल. प्रसिद्ध फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ १९५१मध्ये तिथं येऊन गेला होता, म्हणून आजही हौशी मंडळी त्याच पायऱ्यांवर त्याच कोनात उभी राहतात. मला हा प्रकार अजिबात पटत नाही.

मला स्वतःला जवळचे वाटतात ते जान्नी बेरेन्गो गार्दिन. २०२५मध्ये गेले. १९६०च्या सुमाराचा त्यांचा व्हेनिसच्या वापोरेत्तोमधला, म्हणजे तिथल्या पाण्यावरच्या बसमधला, फोटो शोधून बघा. काचेची दारं, त्यात पडलेली प्रतिबिंबं, आणि प्रवासी. कोण बोटीत आहे आणि कोण काचेत, हे कळायला थोडा वेळ लागतो. ना गोंडोला, ना पूल. रोज कामावर जाणारी माणसं आहेत, बस्स. असा फोटो आजही मिळतो, कारण कामावर जाणारी माणसं आजही आहेत. व्हेनिसमध्ये ती कमी झाली आहेत हे खरं, म्हणून मी तुम्हाला तिथून बसनं कियोज्जाला जायला सांगेन. मासेमारीचं गाव, तेच कालवे, सकाळी मासळीबाजार, आणि बाजारात खरेदीला आलेले लोक गावातलेच.

आता घड्याळाकडं. सकाळी आठ ते अकरा बाजार: पालेर्मोचा बाल्लारो, नेपल्सची पिन्यासेक्का, तोरिनोचं पोर्ता पालात्सो. पालेर्मोत ताडपत्र्या लाल किंवा केशरी असतात. त्यांतून झिरपणारं ऊन माशांवर आणि माणसांच्या चेहऱ्यांवर पडतं, आणि खाली विक्रेते सुरात आरोळ्या ठोकत असतात. इथं कृष्णधवलचा हट्ट सोडा, निम्मा बाजार त्या रंगातच आहे. दुपारी एकपासून चार-साडेचारपर्यंत दक्षिणेत सगळं आडवं होतं. तुम्हीही जेवून झोपा. उन्हं कलली की पास्सेज्जाता सुरू होते, म्हणजे गावाचं संध्याकाळचं फिरणं. आजोबा इस्त्रीचा शर्ट घालतात, आज्या हातात हात घालून निघतात, एकाच रस्त्यावरून चार-चार फेऱ्या होतात. तुम्हाला हवी असलेली इटली रोज याच वेळी बाहेर पडते, अगदी कुठल्याही आडगावात. ऑगस्टमध्ये मात्र येऊ नका. १५ ऑगस्टच्या फेर्रागोस्तोच्या आगेमागे शहरं ओस पडतात आणि बंद शटरवर 'सुट्टीनिमित्त बंद'च्या चिठ्ठ्या तेवढ्या दिसतात.

दक्षिणेतल्या बारी शहराच्या जुन्या गावात कमानीखालच्या गल्लीत बायका दारापुढं टेबल मांडून ओरेक्किएत्ते, म्हणजे छोट्या कानासारखा पास्ता, वळतात. कणकेची लांब वळी, बोथट सुरीनं एक तुकडा कापून तो फळीवर ओढायचा, की तो सुरीभोवती गुंडाळतो, मग अंगठ्यावर उलटा करायचा. सगळं निमिषात. त्या बघतसुद्धा नाहीत, समोरच्या घरातल्या बाईशी भांडण चालू असतं. शटरचा वेग १/५०० सेकंदाहून मंद ठेवलात तर बोटं पुसट येतील, आणि मला विचाराल तर येऊ द्यात. पिशवीभर विकत घ्या आणि मग फोटो विचारा. फुकट फोटो काढणाऱ्यांना त्या कंटाळल्या आहेत आणि ते रास्तच आहे.

एक गंमत सांगतो. दक्षिणेतल्या अरुंद गल्ल्यांत भाजीवाला पियाज्जोची तीनचाकी आपे घेऊन फिरतो, टपावर कर्णा लावून. फ्रेममध्ये ती आली की इथल्या लोकांना १९५०चं दशक आठवतं आणि माझ्या गावाकडच्या मित्रांना बारामती. कारखानाच तिथं आहे म्हटल्यावर त्यांचंही चूक नाही.

बाल्कन्यांमधले वाळत घातलेले कपडे, पोपडे उडालेल्या भिंती, नेपल्सच्या एका खोलीतल्या घरांची रस्त्यावर उघडणारी दारं, हे सगळं जपून काढा. आमच्या इमारतीत एक आजी आहेत, साठच्या दशकात दक्षिणेतून नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीपायी इकडं आलेल्या. दक्षिणेतल्या मातेरा गावच्या गुहाघरांचे जुने फोटो मी कौतुकानं दाखवले तेव्हा त्यांनी चष्मा लावून नीट पाहिले आणि म्हणाल्या, "पाणी कुठून आणायचे ते यात दिसत नाही." १९५२ साली सरकारनं कायदा करून त्या गुहा रिकाम्या करायला घेतल्या. जनावरं आणि माणसं एकाच खोलीत राहत होती. १९९३मध्ये त्याच गुहा जागतिक वारसा झाल्या आणि आता तिथं महागडी हॉटेलं आहेत. फोटो छान येतात, पण रस्त्यावरचं जगणं आता तिथं फारसं उरलेलं नाही. म्हणून माझ्या यादीत मातेरा नाही.

लेन्सचं म्हणाल तर ३५ मिमी पुरे. टेलिफोटो घरी ठेवा. चेहरा लांबून चोरून काढलाय हे फोटोत ओळखू येतं, आणि माणूस चिडतो तो वेगळाच. गावातल्या बारमध्ये जा, उभ्यानं कॉफी घ्या, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत जा. पत्ते खेळणारे म्हातारे पारावरच्या मंडळींसारखेच असतात. पहिल्या दिवशी निरखतात, दुसऱ्या दिवशी कुठून आलात म्हणून विचारतात, आणि मग कॅमेऱ्याकडं कुणाचं लक्षच राहत नाही. तपकिरी फिल्टर लावून फोटो म्हातारा करू नका.

कायद्याचंही बघा. सार्वजनिक जागी फोटो काढायला सहसा अडचण येत नाही, पण १९४१च्या कॉपीराइट कायद्याच्या ९६व्या कलमानुसार कुणाचं व्यक्तिचित्र प्रदर्शित करायला किंवा विकायला त्या व्यक्तीची संमती लागते. सार्वजनिक समारंभ, मिरवणुका वगैरेंना सवलत आहे. लहान मुलांच्या बाबतीत आईबापांना विचारल्याशिवाय कॅमेरा वरच करू नका. आणि हौसेनं फिल्मचं रीळ वापरणार असाल तर ते चेक-इन बॅगेत टाकू नका. विमानतळावर हातात काढून ठेवा आणि हातानं तपासायची विनंती करा. नवे सीटी स्कॅनर रिळावर धुरकट पट्टे उठवतात.