राष्ट्रपती गाईड झाल्यावर पुढे काय? आधी रजिस्टरमध्ये नाव आहे का बघा

ताई, तुमची मुलगी दहावीत राष्ट्रपती गाईडची, म्हणजे स्काऊट-गाईडमधल्या गाईड विभागाच्या शेवटच्या पायरीची, चाचणी पास झाली, आता अकरावीला आहे आणि कॅप्टन बाई, म्हणजे शाळेत गाईड घेणाऱ्या बाई, म्हणतात, "याच्या वर काही नसतं, आता अभ्यासाला लागू दे." हे वाचलं आणि २००३ सालची मीच मला दिसले. अगदी हेच वाक्य शाळेच्या जिन्यात मला ऐकवलं होतं आणि मी ते खरं मानलं होतं. म्हणून जरा लांब लिहिते. कामाचं वाटेल तेवढं घ्या.

आधीच सांगते, मी स्काऊट-गाईडच्या कुठल्या कार्यालयात नाही, कमिशनर वगैरे तर मुळीच नाही. परळच्या एका शाळेत दर शनिवारी बुलबुलचा, म्हणजे गाईडच्या आधीच्या लहान मुलींचा, फ्लॉक (गट) घेते, एवढंच. शिवाय माझा काळ जुना. मधल्या वर्षांत वयाच्या अटी बदलल्या, नोंदणी ऑनलाइन झाली. त्यामुळे मी म्हणते म्हणून काही करू नका, नियमांचं पुस्तक, ज्याला सगळे एपीआरओ म्हणतात, ते चालू आवृत्तीचं बघा. गाईड विभागाचा भाग वेगळा आहे. स्काऊटांचा भाग वाचून वाद घालणारे पालक मी पाहिले आहेत.

तुमचा भाचा न्यू जर्सीत ईगल स्काऊट, म्हणजे तिकडच्या स्काऊटांमधली सर्वोच्च पायरी, झाला आणि त्यानंतर त्याला 'पाम' मिळाले, तसं आपल्याकडे काही आहे का, असं तुम्ही विचारलंय. तसं नाही. तिकडे ईगलला २१ मेरिट बॅज लागतात आणि त्याच्यावर आणखी पाच झाले की एक पाम: आधी ब्राँझ, मग गोल्ड, मग सिल्व्हर. म्हणजे त्याच झाडाला वर नवी पानं फुटतात. आपल्याकडे गाईडची शिडी राष्ट्रपतीला संपते आणि रेंजरची, म्हणजे गाईडच्या पुढच्या वयाच्या मुलींच्या विभागाची, नवी शिडी सुरू होते. प्रवेश, प्रवीण, निपुण, राज्य पुरस्कार, राष्ट्रपती रेंजर. मुलांना रोव्हर विभागात हेच. वयाच्या पंचविशीपर्यंत. तेव्हा "वर काही नसतं" हे साफ चूक आहे. कॅप्टन बाईंचा दोष धरू नका, शाळेचं युनिट दहावीला संपतं आणि बहुतेक बाईंनी त्यापुढचं कधी पाहिलेलंच नसतं.

निपुणला काय करायचं, लॉगबुक कसं लिहायचं, हे मी सांगत बसत नाही. राष्ट्रपतीपर्यंत पोचलेल्या मुलीला ते येतंच. मला सांगायचंय ते वेगळंच आहे, आणि ते मला कुणी वेळेवर सांगितलं नाही.

अकरावी-बारावीची दोन वर्षं मी काहीच केलं नाही. तो माझा निर्णय, त्याबद्दल तक्रार नाही. २००५ च्या जूनमध्ये एका ओपन रेंजर टीममध्ये गेले. ओपन म्हणजे शाळा-कॉलेजशी न जोडलेली. आमच्या कॉलेजात एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) होतं, रेंजर टीम नव्हती. टीमच्या ताई फार चांगल्या होत्या, आजही आहेत. पहिल्या दिवशी मी फीचे पैसे त्यांच्या हातात दिले. पावती मागितली नाही. ताईंकडे पावती मागायची म्हणजे कसंतरीच वाटलं.

मग चौदा महिने मी मनापासून काम केलं. गणपती विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर हरवलेली पोरं सांभाळली. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर पहाटे चारपासून पाण्याचे ग्लास भरले. चैत्यभूमीची रांग पाहिलेल्याला ते काम काय असतं ते कळेल. येऊरच्या शिबिरात माझा दीक्षाविधी, म्हणजे रेंजर म्हणून वचन घ्यायचा कार्यक्रम, झाला. फोटो आहेत. लॉगबुक होतं, प्रत्येक पानावर ताईंची सही होती.

ऑगस्ट २००६ मध्ये प्रवीणचे कागद घेऊन कार्यालयात गेले, तेव्हा टेबलापलीकडच्या माणसाने एक यादी खालीवर पाहिली आणि म्हणाला, "तुमचं नाव नाही." माझंच नव्हे, आख्ख्या टीमची त्या वर्षीची नोंदणी पुढे गेलीच नव्हती. मध्ये ताईंची बदली झाली होती, नव्या लीडरला वाटलं जुनीने भरलं असेल आणि जुनीला वाटलं नवी भरेल. कार्यालयाच्या हिशेबात मी चौदा महिने रेंजर नव्हतेच. गणवेश घालून फिरणारी एक मुलगी होते. प्रत्येक पायरीची मुदत आधीच्या नोंदीच्या तारखेपासून मोजतात, आणि माझी पहिली तारीख त्या ऑगस्टमध्ये पडली.

कार्यालय कुठलं ते लिहीत नाही. त्यातली बरीच माणसं आता निवृत्त आहेत आणि कुणाला खाली खेचायचं म्हणून मी हे लिहीत नाही. पण सहा खेपा घातल्या, त्या सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिल्या खेपेला साहेब शिबिरावर. दुसऱ्या खेपेला, लीडरचं पत्र आणा. पत्र आणलं तर लेटरहेडवर नाही. ओपन टीमला लेटरहेड कुठून येणार? चौथ्या खेपेला राष्ट्रपती गाईडच्या मूळ प्रमाणपत्राची प्रत मागितली. ते प्रमाणपत्र तोपर्यंत माझ्या हातात आलेलंच नव्हतं, चाचणी पास झाल्याचं पत्र तेवढं होतं. हे सांगितल्यावर तो माणूस माझ्याकडे असा पाहत राहिला जणू प्रमाणपत्र मीच अडवून ठेवलंय. पाचव्या खेपेला अर्ज ठेवून घेतला, पण आवक नंबर देईनात. सहाव्या खेपेला तो अर्जच सापडेना आणि वर सल्ला मिळाला, "या वर्षीपासून नीट नोंदवा, तुम्ही अजून लहान आहात." पावसात भिजत परळहून गेले होते. परत येताना बसमध्ये रडले, लपवत नाही.

त्याच दिवशी बाहेर पॅसेजमध्ये तिथल्या शिपाईकाकांनी मला थांबवलं. म्हणाले, "बाळ, अर्ज नेहमी दोन प्रतीत आणायचा. एक त्यांना, दुसरीवर शिक्का घेऊन घरी न्यायची. शिक्का दिला नाही तर उठायचं नाही." इतकी वर्षं गाईडिंग करून मला पोच म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. आगपेटीशिवाय चूल पेटवता येत होती.

त्यानंतर सगळं वेळेत केलं. प्रवीण, निपुण, मध्ये नोकरी लागली, २०१० मध्ये राज्य पुरस्कार मिळाला. फेब्रुवारी २०१२ मध्ये मला पंचवीस पूर्ण झाली आणि राष्ट्रपती रेंजरचं चाचणी शिबिर लागलं जूनमध्ये. चार महिने कमी पडले. ते चौदा महिने नोंदीत असते तर मी आधीच्या शिबिरात बसले असते. कार्यालयावर राग आहेच, पण खरं सांगायचं तर २००५ मध्येच "ताई, रजिस्टर बघू का?" एवढं विचारलं असतं तर सहा खेपांची वेळच आली नसती.

म्हणून माझं मत, आणि हे फक्त माझं मत आहे: मुलगी ज्या टीममध्ये जाईल तिथे पहिल्या महिन्यातच नोंदणी क्रमांक, प्रवेशाची आणि दीक्षेची तारीख स्वतःच्या डोळ्यांनी बघून फोटो काढून ठेवा. दरवर्षी नूतनीकरण झालं की परत. लीडरला वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका. चांगल्या लीडरला वाईट वाटत नाही, मी आता त्या खुर्चीत आहे म्हणून सांगते. आणि बारावीसाठी थांबायचं असेल तर खुशाल थांबा, पण नाव आताच घालून ठेवा. तास कमी भरले तरी चालतील, तारीख पुढे सरकायला नको.

कॉलेजात टीम नसेल तर ओपन टीम शोधा. घरात कुणी रेल्वेत असेल तर मध्य आणि पश्चिम रेल्वेची स्काऊट-गाईड संघटना राज्यासारखी स्वतंत्र आहे, तिकडे विचारा. तिथे शिबिरं आणि मेळावे बरेच होतात.

रेल्वेचा विषय निघालाच आहे तर स्काऊट-गाईड कोट्याबद्दल. पालक कुजबुजत विचारतात म्हणून मीच मोठ्याने सांगते. कोटा आहे, पण नुसत्या राष्ट्रपती प्रमाणपत्रावर नोकरी मिळत नाही. अलीकडच्या काळात सलग पाचेक वर्षं सक्रिय असल्याचं दाखवावं लागतं, राष्ट्रीय आणि राज्य पातळीवरचे मेळावे मोजतात, आणि जागा मोजक्याच असतात. जाहिरात निघेल तेव्हा ती अक्षर न् अक्षर वाचा. दहावीनंतर गाईडिंग सोडलेली मुलगी तिथेच गळते, आणि ते सलग दाखवायला पुन्हा तेच रजिस्टर लागतं.

पदकांची हौसच असेल तर रेंजरच्या बाहेरही आहे. इंटरनॅशनल अवॉर्ड, ज्याचं मूळ इंग्लंडातल्या १९५६ च्या ड्यूक ऑफ एडिनबरा अवॉर्डमध्ये आहे, तो १४ ते २४ वयासाठी आहे. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड. सेवा, कौशल्य, व्यायाम आणि साहसी प्रवास हे चारही करावे लागतात, गोल्डला वर एक निवासी उपक्रम. पण तो नोंदवलेल्या केंद्रातूनच करावा लागतो आणि त्याचा खर्चही वेगळा असतो, हे आधी विचारून घ्या. कॉलेजात एनएसएस घेतलं तर दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर. दोन्हीकडचे तास एकमेकांत घालता येतील असं गृहीत धरू नका. माझ्या मैत्रिणीने धरलं होतं.

पदक नाही, पण माझ्या मते पदकापेक्षा मोठं: पुण्याचं संगम. गाईडच्या जागतिक केंद्रांपैकी एक, १९६६ पासून आहे, आणि मुंबईच्या निम्म्या गाईडना ते माहीतच नाही. रेल्वेने जाऊन परत येण्याइतकं जवळ. देशोदेशीच्या मुली तिथे एकत्र राहतात. तुमच्या मुलीला एकदा नक्की पाठवा, तिथे गेल्यावर प्रमाणपत्रांचा ताप आपोआप उतरतो.

आणि पंचविशी उलटली तरी संपत नाही. मी लीडरच्या प्रशिक्षणाचा बेसिक, मग अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स केला आणि हिमालय वुड बॅज या त्यापुढच्या प्रशिक्षण-बॅजचे दोन मणी गळ्यात आले. त्या वेळी मात्र प्रत्येक अर्ज दोन प्रतीत होता. त्या कार्यालयात पुन्हा जावं लागलं नाही, पण जावं लागलं असतं तरी शिक्का घेतल्याशिवाय उठले नसते.

शेवटचं, प्रमाणपत्र हातात आलं की लॅमिनेट करू नका. सगळे आईबाबा उत्साहाने हेच करतात आणि मग पडताळणीच्या वेळी खालची सही-शिक्का तपासता येत नाही म्हणून अडतं. साधी प्लास्टिकची फाईल घ्या, झिप असलेली. आपल्याकडच्या जुलैत तीच उपयोगी पडते. प्रमाणपत्र यायला वेळ लागेल, तोपर्यंत पास झाल्याच्या पत्राच्या चार झेरॉक्स काढून कॅप्टन बाईंची सही घेऊन ठेवा. त्या याच शाळेत आहेत तोवर.