सव्वा लाख लोकांचा सर्व्हे, पण त्यात होतं कोण?

बाबू,

तू पाठवलेला निवडणुकीचा सर्व्हे पाहिला. 'सव्वा लाख लोकांचं मत' असं वर मोठ्या अक्षरात आहे अन् तू त्यावरच विश्वास ठेवला असं दिसते. पण किती जणांना विचारलं त्याच्या आधी कोणाला विचारलं ते पाहत जा, अन् त्याच्याही आधी कोण विचारायचं राहिलं ते. 1936 साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट साप्ताहिकानं जवळपास 1 कोटी लोकांना मतपत्रिका धाडल्या, 20 लाखांच्या वर परत आल्या, त्यावरून सांगितलं की लँडन येणार, अन् आला रूझवेल्ट, 48 पैकी 46 राज्यं घेऊन. नावं बरीचशी टेलिफोनच्या अन् मोटारवाल्यांच्या यादीतून घेतली होती, ऐन मंदीत, म्हणजे गरीब त्यात नव्हताच.

आपल्याकडं पाह. 2024 ची विधानसभा, मतदान 20 नोव्हेंबरला, कापूस वेचणीचे दिवस. टॅब घेतलेला सर्व्हेवाला पोरगा अकरा वाजता गावात आला तर त्याला पानठेल्यावरचीच माणसं भेटणार, बाया सकाळीच डबा बांधून वावरात गेलेल्या, कापूस मोजून देऊन दिवस बुडताना परत येणार, अन् पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, जायला त्याला वेळ नाही कारण दिवसाचे फॉर्म पुरे करायचे असतात. एखादी बाई घरी सापडलीच तर सासरा बाजूला उभा, ती म्हणते, "यायलेच इचारा." अन् मजूर माणूस अनोळखी पोराला खरं काहून सांगेल, घरकुलाच्या यादीतून नाव कटलं तर? असे सव्वा लाख फॉर्म भरले तरी चूक तीच राहते, फक्त मोठी होते.

पीक विम्यासाठी उत्पन्न मोजाच्या पीक कापणी प्रयोगात प्लॉट चिठ्ठीनंच काढा म्हणून कास्तकार भांडते ते यासाठीच, सडकेकडचं चांगलं वावर घेतलं की उत्पन्न जास्त दिसते अन् अख्ख्या मंडळाचा विमा गेला.

उलट 1000 माणसं अशी नीट चिठ्ठी काढून निवडली तर टक्का साधारण 3 नं इकडंतिकडं होते, बस. म्हणून 42 अन् 40 ला आघाडी म्हणू नको. अन् त्याच हजारातले विदर्भाचे दोनशे वेगळे काढून कोणी 'विदर्भाचा कौल' सांगत असेल तर तिथं फरक 7 टक्क्यांपर्यंत जाते, हे टीव्हीवर कोणी सांगत नाही अन् मला त्याचा राग येते.

टक्क्यावरून जागा काढणं तर आणखीच कठीण. 2024 च्या लोकसभेत महाराष्ट्रात दोन्ही आघाड्यांची मतं जवळपास सारखी होती, जागा मात्र महाविकास आघाडीच्या 30 अन् महायुतीच्या 17. देशात बऱ्याच एक्झिट पोलनी एनडीएला 350 च्या वर दिल्या होत्या, आल्या 293.

पुढचा सर्व्हे धाडशील तेव्हा त्याची तारीख, फोनवर केला की दारावर, बाया किती, खेडी किती अन् पैसा कोणाचा, एवढं शोधून सोबत लिही. हे कुठंच सापडलं नाही तर ग्रुपवर टाकू नको, मले फोन कर, दोघं बसून पाहू.