किडनी बदलण्याचं ऑपरेशन कमरेत इंजेक्शन देऊन, जागेपणी करता येतं का?

तुमच्या थोरल्या भावाची किडनी बदलायची आहे, डॉक्टर म्हणाले ‘कमरेत इंजेक्शन देऊन करू’, आणि तेव्हापासून घरातले सगळे धास्तावलेत, असं तुम्ही लिहिलंय. मी कोल्हापुरात भूलतज्ज्ञ आहे. करता येतं, आणि हा नवा प्रयोगही नाही. 23 डिसेंबर 1954 ला बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाची किडनी दुसऱ्याला बसवली. जगातलं ते पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण, आणि तेव्हाही रोग्याला स्पायनलच, म्हणजे हेच कमरेतलं इंजेक्शन, दिलं होतं.

नवी किडनी जुन्या जागी बसवत नाहीत. ती ओटीपोटात, बहुतेकदा उजव्या बाजूला, पायाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांना जोडतात. त्यामुळे बेंबीच्या बरंच वरपर्यंत बधिरपणा चढला की काम होतं. अडचण वेळेची आहे. एका स्पायनलचा असर दोन-तीन तास टिकतो, ऑपरेशन तीन-चार तास चालतं. म्हणून पुष्कळदा सोबत एपिड्युरलची, म्हणजे पाठीतून मणक्यात सरकवलेली, बारीक नळी ठेवतात आणि तिच्यातून औषध वाढवत राहतात. शिवाय मध्येच पूर्ण भूल द्यायची तयारी शेजारी असतेच.

माझा जीव अडकलेला असतो तो रक्तदाबात. स्पायनलने रक्तवाहिन्या सैल पडतात आणि दाब उतरतो. इकडे सर्जन रक्तवाहिन्यांवरचे चिमटे सोडतात तेव्हा नव्या किडनीला भरपूर रक्त लागतं. फिकट पडलेली किडनी बघता बघता गुलाबी होते, कधी टेबलावरच लघवी सुरू होते. नेमका त्या वेळी दाब कमी असला तर किडनी काम सुरू करायला दिवस घेते. दाब राखायला सलाईन सोडावं तर डायलिसिसच्या रोग्याच्या फुफ्फुसात पाणी भरण्याची भीती. म्हणून हृदय कमजोर असेल किंवा जुन्या मधुमेहाने मज्जातंतू खराब झाले असतील, तर मी स्वतः पूर्ण भूलच देईन. तीही सुरक्षित आहे. स्नायू सैल करणारं अॅट्राक्युरियमसारखं औषध रक्तातच आपोआप तुटून निकामी होतं, त्याला किडनी लागत नाही.

दुसरी गोष्ट रक्त गोठण्याची. रिपोर्टमध्ये प्लेटलेटची (रक्त गोठवणाऱ्या कणांची) संख्या चांगली दिसते, पण युरिया वाढलेला असला की त्या नीट चिकटत नाहीत. त्यात डायलिसिसच्या वेळी दिलेलं हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध. मणक्यात रक्त साचलं तर पाय लुळे पडू शकतात. हे क्वचितच घडतं, पण त्यासाठीच सुई टोचण्याआधी तपासण्या करतात. भावाला क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आजच डॉक्टरांना सांगा. शेवटचं डायलिसिस कधी झालं, हेपॅरिन दिलं होतं का आणि फिस्टुला (डायलिसिससाठी हातात जोडलेली रक्तवाहिनी) कोणत्या हातात आहे, हेही. त्या हाताला सलाईन लावायचं नाही, बीपीचा पट्टाही बांधायचा नाही.

‘पाठीत सुई घेतली की जन्मभर कंबर धरते’ हे आमच्याकडे प्रत्येक दुसऱ्या रोग्याच्या तोंडी असतं. सुई टोचल्या जागी दोन-चार दिवस दुखतं, एवढंच. कायमची कंबरदुखी त्या सुईने होत नाही. ऑपरेशनमध्ये ओढल्यासारखं, दाबल्यासारखं जाणवेल, दुखणार नाही. इतका वेळ उताणं पडून खांदे अवघडतात, तेव्हा झोपेचं हलकं औषध देतात. भावाने मागायला संकोच करू नये.

किडनी देणारं घरातलंच कुणी असेल तर त्यांची बहुधा दुर्बिणीतून काढतील. त्यासाठी पोटात गॅस भरावा लागतो आणि जागेपणी श्वास घेणं जड जातं, म्हणून त्यांना पूर्ण भूलच मिळेल.