अडकलेला इंजेक्टर: हेड उतरवण्याआधी हे करून बघा

तुमच्या १.३ डिझेल डिझायरचे तीन इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) सहज निघाले, तिसऱ्या सिलिंडरचा मात्र जागचा हलत नाही, आणि मिस्त्री हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं जाड झाकण, उतरवायचं म्हणतोय. त्याआधी काही करता येईल का, असं तुम्ही विचारलंय. येईल. घाई केली नाही तर असे बरेचसे इंजेक्टर हेड न उतरवता निघतात. पण टॉमी (लोखंडी दांडा) घालून उचकटणं आजच थांबवायला सांगा. ॲल्युमिनियमच्या कव्हरवर टेकवून जोर दिला की कव्हरला तडा जातो, किंवा इंजेक्टरची वरची बाजू तुटते आणि पुलर (ओढून काढायचं हत्यार) लावायला पकडच उरत नाही.

तो का अडकला ते आधी बघा. इंजेक्टरच्या खालच्या टोकाशी तांब्याचं वायसर असतं. ते जुनंच परत वापरलं, ते जिथे टेकतं त्या सीटवर कचरा राहिला किंवा इंजेक्टर दाबून धरणाऱ्या क्लॅम्पचा बोल्ट नीट आवळला नाही, तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधली दाबलेली हवा, तिथून वर निसटतं. त्याबरोबर आलेली काजळी इंजेक्टर आणि हेडमधल्या अरुंद फटीत साचते आणि भाजून भाजून डांबरासारखी घट्ट होते. इंजिन चालू असताना फुसफुस आवाज, केबिनमध्ये धुराचा वास, इंजेक्टरच्या बुडाशी चकाकणारा काळा थर, यातलं काहीतरी तुम्हाला नक्की जाणवलं असेल. म्हणजे तुमची खरी लढाई या काजळीशी आहे, आणि ती नुसत्या ताकदीनं सुटत नाही.

वरचा काळा थर आधी टोकदार हत्यारानं खरवडून काढा आणि व्हॅक्यूमनं ओढून घ्या. तो तसाच ठेवून वरून कितीही तेल ओतलं तरी खाली उतरत नाही. मग कार्ब्युरेटर क्लीनर किंवा चांगलं पेनेट्रेटिंग ऑइल (फटीत झिरपणारं तेल) थोडं थोडं सोडा, मुरू द्या, पुन्हा सोडा. याला एक-दोन दिवस द्या. नेहमीच्या गंजाच्या स्प्रेपेक्षा कार्ब्युरेटर क्लीनर काजळीवर जास्त चालतो, मात्र तो पेट घेतो आणि रबराला खातो, तेव्हा इंजिन गार असतानाच वापरा आणि आसपासचे पाइप व वायरिंग झाका. गॅसची ज्योत हेडजवळ आणू देऊ नका.

क्लॅम्प ढिला करून इंजिन चालू करायचं, कॉम्प्रेशनच इंजेक्टर वर ढकलेल, असा सल्ला कुणीतरी देईलच. मी तो कधीच देणार नाही. इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या रेल पाइपमधला दाब हजार बारच्या वर जातो. त्या पाइपचा जोड हलला आणि डिझेलची बारीक धार हातावर बसली, तर ती कातडीच्या आत शिरते. तेव्हा थेट हॉस्पिटल गाठावं लागतं, मग जखम टाचणीएवढी दिसो.

मुरल्यावर लगेच ओढायचं नाही, आधी फिरवायचं. बॉडीवर पान्यासाठी सपाट बाजू असतील तिथे पाना लावून अगदी थोडं मागेपुढे करा. पहिला जोर घट्ट करायच्या दिशेनं, म्हणजे वरून बघताना घड्याळाच्या काट्यांप्रमाणे द्या. टोकाचं नोझल बॉडीला धरून ठेवणारा खालचा नट काजळीत पकडलेला असतो. उलट दिशेनं जोर दिला तर बॉडी त्या नटातून आट्यांवर सुटते, नोझल हेडमध्येच राहतं, आणि मग हेड उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. ‘कट्’ असा बारीक आवाज आला, कडेनं तेलाचे बुडबुडे दिसले की समजा पकड सुटायला लागली. पुन्हा तेल, पुन्हा तेवढंच फिरवणं.

त्यानंतर स्लाइड हॅमर, म्हणजे दांड्यावर सरकणारं वजन आपटून ओढणारं हत्यार. त्याचा अडॅप्टर इंजेक्टरच्या आट्यांवर पूर्ण बसला पाहिजे आणि ओढ सरळ रेषेत पाहिजे. मोठ्या दणक्यांपेक्षा छोटे, भराभर ठोके जास्त काम करतात, कारण काजळी ओढीपेक्षा हादऱ्यानं फुटते. एवढ्यानंही हलला नाही तर गाडी हायड्रॉलिक पुलर असलेल्या डिझेल पंप-नोझलवाल्याकडे न्या. पुलरचे पाय कव्हरवर न टेकता हेडच्या जाड भागावर टेकतायत ना, तेवढं स्वतः उभं राहून बघा. बऱ्याचदा अडॅप्टर लावायला इंजेक्टरचा वरचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा भाग) उघडावा लागतो. तो उघडला की इंजेक्टर टेस्ट बेंचवर (तपासणीच्या मशीनवर) गेल्याशिवाय परत बसवायचा नाही. त्यावरचा खर्च मनात आधीच धरून ठेवा. हेडपुढे इंजेक्टर स्वस्तच.

निघाला की खरं काम सुरू होतं. जुनं वायसर पुष्कळदा खालीच चिकटून राहतं, आणि त्यावर नवं बसवलं की महिन्याभरात हीच तक्रार परत येते. टॉर्च मारून बघा, वायसर आकड्यानं काढा. नोझलचं भोक बंद करून सीट कटर हातानं फिरवा. कटरच्या दातांना ग्रीस लावलं की कीस त्यालाच चिकटतो, सिलिंडरमध्ये पडत नाही. कापायचं फक्त सीट एकसारखी चमकेपर्यंत.

मुरवलेलं तेल सिलिंडरमध्ये उतरलेलं असू शकतं. तसंच स्टार्टर मारला तर द्रव दाबला जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून चारही इंजेक्टर बाहेर असतानाच क्रँक पुलीला पाना लावून इंजिन हातानं दोन पूर्ण फेरे फिरवा. मग डिझेलचा पुरवठा तोडून, भोकांवर फडकं टाकून, बाजूला उभं राहून स्टार्टर थोडा मारा.

बसवताना चारही वायसर नवी घ्या, क्लॅम्पचा बोल्ट कंपनीनं एकदाच वापरायचा म्हटला असेल तर तोही नवा, आणि टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानं आवळायचा पाना) सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्यावर लावा. उष्णता सहन करणारं सिरॅमिक ग्रीस बॉडीला पातळ लावा, टोकाला आणि वायसरला नाही. प्रत्येक इंजेक्टर त्याच्याच सिलिंडरमध्ये जाऊ दे. बदलला असेल तर त्यावरचा कोड स्कॅनरनं ईसीयूत, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, भरून घ्या, नाहीतर आयडलला इंजिन थरथरत राहील. शेवटी इंजिन आयडलला ठेवून प्रत्येक इंजेक्टरच्या बुडाशी साबणाच्या पाण्याचे थोडे थेंब टाका. बुडबुडा आला तर गाडी ताब्यात घेऊ नका, तिथेच परत उघडायला सांगा.