वाचक विचारतात : मनोविकार वॉर्डची सिस्टर व्हायचं तर

मुलीने आर्ट्समधून सेकंड पीयूसी (बारावी) केली. तिला मनोरुग्णांची नर्स व्हायचं आहे. एका ठिकाणी सहा महिन्यांचा ‘सायकियाट्रिक नर्सिंग’ कोर्स आहे म्हणतात. फी भरू का?
— एक पालक, खानापूर

भरू नका. आधी नर्स आणि मग मनोविकारांची नर्स, असा हा रस्ता आहे. मधून आडवाट नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोविकार परिचारिकेला मान्यताप्राप्त पदविका किंवा पदवी आणि राज्याच्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, दोन्ही लागतात. सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रावर नोंदणी होत नाही. त्यावर फार तर मदतनीस म्हणून काम मिळेल.

आर्ट्सवाल्यांना जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग आणि मिडवाइफरीची पदविका, खुली आहे. कोर्स तीन वर्षांचा, बारावीला 40 टक्के आणि इंग्रजी विषय हवा. बीएस्सी नर्सिंगला मात्र फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हवं, म्हणून ते दार तूर्त बंद. जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं. किंवा नोंदणी आणि एक वर्षाचा अनुभव झाला की मनोविकार परिचर्येची एक वर्षाची पोस्ट बेसिक पदविका. बंगळूरुच्या निमहान्स या राष्ट्रीय मनोविकार संस्थेतली ही पदविका जुनी आणि नावाजलेली आहे. शिकवायची हौस असेल तर पुढे एमएस्सी. प्रवेशाआधी कॉलेजचं नाव राज्य कौन्सिलच्या यादीत स्वतः पाहा. परराज्यात नोकरीचा विचार असेल तर इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या यादीतही पाहा. एजंटने दाखवलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका.

माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं. कन्नड वाचता येतं, पण बोलताना अडखळतो. निभेल का?
— एक विद्यार्थी, निपाणी

वर्ग आणि पेपर इंग्रजीत असतात, तिथे सगळ्यांचीच पहिले सहा महिने ओढाताण होते. कन्नड लागतं ते रुग्णाशी बोलताना. इतर वॉर्डात खुणेने भागतं: कुठे दुखतं ते बोट दाखवून कळतं. इथे बोलणं हीच तपासणी. ‘निद्दी बरतैतेन री?’ (झोप येते का?), ‘ऊट माडिदिरेन री?’ (जेवलात का?) एवढ्यावर पहिला आठवडा निघेल. पण कानात आवाज येतात का, जीव द्यावासा वाटतो का, हे प्रश्न धारवाडकडच्या बोलीत कसे विचारायचे ते तिथल्या सिस्टरांकडून लिहून घ्या. पुस्तकी कन्नडातला प्रश्न ऐकून रुग्ण गप्प बसतो आणि विद्यार्थी वहीत लिहितो, ‘रुग्ण सहकार्य करत नाही’. उलट मराठी, कन्नड आणि थोडी दखनी येणारी नर्स या भागात सोन्यासारखी. आणि हो, ब्रदर (पुरुष नर्स) म्हणून इथे अडचण नाही, पुरुष वॉर्डात तर हवेच असतात.

पुढच्या महिन्यात आमची धारवाडला डिमहान्स या मनोविकार रुग्णालयात पोस्टिंग आहे. घरचे घाबरलेत. काय तयारी करू?
— जीएनएम, दुसरं वर्ष, बेळगाव

‘ह्याला धारवाडला पाठवा’ असं चिडवत लहानाचे मोठे झालो, म्हणून घरचे घाबरतात. वॉर्डात प्रत्यक्षात बहुतेक वेळ शांत, कंटाळवाणा जातो. भीतीपेक्षा गाफीलपणा जास्त नडतो. ओढणी, लांब साखळी, लोंबते कानातले नकोत. पेन, कात्री, सेफ्टीपिन मोजून आत न्या, मोजून बाहेर आणा. रुग्ण आणि दार यांच्यामध्ये तुम्ही असावं, दाराकडे तुमची पाठ चालेल, पण रुग्णाकडे नको. फोन नंबर देऊ नका, ‘मी तुम्हाला लवकर घरी पाठवते’ असं वचन तर मुळीच नको.

तिथे हिस्टरी, मानसिक स्थितीची तपासणी, प्रोसेस रेकॉर्डिंग (रुग्णाशी झालेल्या बोलण्याची शब्दशः नोंद) आणि केअर प्लॅन लिहून आणावे लागतात. चुका तपासणीत होतात, त्याही ठरावीक. ‘आज तारीख काय?’ या प्रश्नावर म्हातारा म्हणतो, ‘अमावस्या होऊन तिसरा दिवस.’ विद्यार्थी लिहितो, वेळेचं भान नाही. त्याला वार, महिना, सण विचारा. शंभरातून सात वजा करत जाणं शाळा न पाहिलेल्याला जमणार नाही. त्याला वीसमधून तीन वजा करायला द्या किंवा वार उलटे म्हणायला लावा. म्हणीचा अर्थ विचारताना मराठी रुग्णापुढे कन्नड किंवा इंग्रजी म्हण टाकली, तर त्याची विचारशक्ती तपासली जात नाही, भाषा तपासली जाते. ‘नाचता येईना अंगण वाकडं’ विचारा. ‘अंगण खरंच वाकडं असेल’ असं उत्तर आलं तर ते तसंच्या तसं उतरवा.

प्रोसेस रेकॉर्डिंगमध्येही तेच. ‘असंबद्ध बोलतो’ ही तुमची टिप्पणी झाली. ‘भिंतीतून मामा बोलावतो, म्हणाला, बोलताना उजवीकडे दोनदा पाहिलं’ ही नोंद झाली. डॉक्टरांना दुसरी लागते.

गोळ्या देताना पाण्याचा घोट घेतल्यावर तोंड उघडायला सांगा, जीभ वर करून गालाच्या आतली बाजू पाहा. साठवलेल्या गोळ्या एकदम घेतल्या जातात, हा खरा धोका. हॅलोपेरिडॉल हे मनोविकारावरचं औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांत, विशेषतः तरुण मुलाची, मान एका बाजूला वळली किंवा डोळे वर फिरले तर ते नाटक नसतं, भूतबाधाही नसते. स्नायू आखडलेले असतात. लगेच सिस्टरांना बोलवा, प्रोमेथाझिनच्या इंजेक्शनने बहुधा थोड्याच वेळात सुटतं. तेच अंग ताठ, शिवाय ताप आणि घाम असेल तर प्रकरण गंभीर. पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना तातडीने कळवायचं.

बांधून ठेवण्याबद्दल: कायद्याने साखळी आणि एकांत कोठडी बंद आहे. तात्काळ इजा टाळायला दुसरा उपाय नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि गरजेपुरता वेळ बांधता येतं. नामनिर्देशित प्रतिनिधीला (रुग्णाच्या वतीने निर्णयात मदत करायला नेमलेली व्यक्ती) 24 तासांत कळवावं लागतं. विद्यार्थ्याने स्वतःहून हात लावायचा नाही. बांधलेल्याची बोटं गार किंवा निळसर होत नाहीत ना, पाणी मिळालं का, लघवीला जायचं आहे का, हे मात्र बघत राहा. विजेचा उपचारही आता भूल आणि स्नायू सैल करणारं औषध देऊनच होतो; त्या सकाळी रुग्ण उपाशी आहे ना आणि कवळी काढली ना, हे तुमचं काम.

मी तालुक्याच्या दवाखान्यात जनरल वॉर्डला स्टाफ नर्स आहे. मनोविकारांचा अनुभव इथे मिळेल का?
— चिकोडी

रोज मिळतो, फक्त त्याला ते नाव नसतं. पाय मोडून दाखल झालेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थरथरतो, घामाने भिजतो, चादरीवरचे किडे झटकू लागतो. घरच्यांना विचारा, रोज किती पीत होता आणि शेवटची कधी घेतली. दारू तुटल्यावर 6 ते 24 तासांत थरथर, पहिल्या दोन दिवसांत फिट, आणि साधारण 48 ते 72 तासांत भ्रम होतो. अशा वेळी ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायामिन (बी-1 जीवनसत्त्व) गेलं का ते डॉक्टरांना विचारा. नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ही नोंद वेळेसकट चार्टवर लिहायची सवय लावा, पदविकेच्या अभ्यासात तीच कामाला येते.

कोल्हापुरात जीएनएम केलं, लग्नानंतर बेळगावात आले. नोंदणी चालेल ना?
— हिंडलगा

महाराष्ट्राची नोंदणी इथे आपोआप चालत नाही. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून ना-हरकत घेऊन कर्नाटक कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. लग्नानंतर नाव बदललं असेल तर आधी तो बदल मूळ कौन्सिलमध्येच करून घ्या, नाहीतर दोन्हीकडची नावं जुळत नाहीत म्हणून अर्ज अडून राहतो.