रजोनिवृत्तीनंतर योनीमार्ग कोरडा पडून संबंधाच्या वेळी दुखत असेल, तर शतावरी कल्पाचा उपयोग होईल का?

केवळ शतावरी कल्पाने हा कोरडेपणा जाईल, असे मानण्याइतका पुरावा आज उपलब्ध नाही. आयुर्वेदात शतावरी प्रामुख्याने बल्य (ताकद देणारी) आणि स्तन्यवर्धक (अंगावरचे दूध वाढवणारी) म्हणून सांगितली आहे. आपली तक्रार मात्र इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी झाल्याने योनीची त्वचा पातळ होण्यातून उद्भवते आणि तिच्यावर थेट तिथेच केलेला उपचार अधिक परिणामकारक ठरतो. संबंधाच्या वेळी पाण्यावर आधारलेले वंगण-जेल, एरवी आठवड्यातून दोन-तीनदा योनीसाठीचे मॉइश्चरायझर, आणि तेवढ्याने भागले नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांनी लिहून दिलेले अल्प मात्रेचे इस्ट्रोजेन क्रीम, असा साधारण क्रम असतो. (बाजारातल्या बहुतेक कल्पांत साखरच सर्वाधिक असते, डब्यावरील घटक वाचावेत, मधुमेह असेल तर दुधातून रोज दोन चमचे घेणे परवडणारे नाही.) स्त्रियांच्या लैंगिक तक्रारींवर अश्वगंधेची चाचणी झालेली आहे: 2015 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात 50 स्त्रियांपैकी निम्म्यांना मुळाचा अर्क 300 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आठ आठवडे दिला आणि त्यांच्यात सुधारणा दिसली, पण एवढ्या लहान अभ्यासावर फार भिस्त ठेवता येत नाही. थायरॉइडच्या गोळ्या चालू असतील किंवा यकृताचा विकार असेल, तर अश्वगंधा डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नये. रजोनिवृत्तीनंतर रक्ताचा डाग जरी दिसला, तरी कोणतेही चूर्ण सुरू करण्याआधी तपासणी करून घ्यावी.